उडीची चादर

मनोरा पाडायला सकाळी नऊला सुरुवात झाली. पिवळ्या यंत्राने सोंड उचलली आणि पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यात खुपसली, तेव्हा पहिल्यांदा नुसती धूळ उडाली. मग दुसरा घाव, तिसरा, आणि काँक्रीटचा एक तुकडा सळईला लोंबकळत राहिला. आम्ही सातआठजण कंटेनरच्या सावलीत उभे होतो. सगळ्यांची पोटं सुटलेली, केस गेलेले. प्रत्येक घावाला माझ्या दाढा आवळल्या जात होत्या. हा मनोरा पडावा असं मला वीस वर्षं वाटत आलंय. आणि तो पडायला लागला तेव्हा मला त्या यंत्रवाल्याला खाली ओढून बडवावंसं वाटलं. माझं डोकं हे असंच आहे, फिरलं की फिरलं.

उरणच्या खाडीकडेला, मिठागरांच्या शेवटच्या बांधाला लागून आमचं आग विझवायला शिकवणारं केंद्र होतं. पत्र्याच्या दोन शेड, एक पाण्याचा हौद, डिझेल ओतून पेटवायचा खड्डा आणि मधोमध हा पाच मजली मनोरा. त्याला ना दारं ना खिडक्या, नुसती चौकोनी भोकं. चढायचं, उतरायचं, दोर टाकायचा, आणि दुसऱ्या मजल्याच्या भोकातून खाली धरलेल्या चादरीत उडी मारायची. आता मिठागरं नाहीत. भराव घालून घालून सगळं सपाट झालंय आणि त्यावर कंटेनरचे मजले उभे आहेत. फक्त वारा अजून खाडीचाच येतो. चिखलाचा, तिवरांच्या मुळांचा, कुजक्या मिठाचा तो वास नाकात गेला आणि मी एकदम एकोणीस वर्षांचा झालो.

भरती झाली ती चैत्रात. मैदानावर तीनेकशे पोरं उघडी उभी होती. गावागावातली, बहुतेक जमिनी बंदरात गेलेल्यांची, काही दक्षिणेकडची, म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर इथून आलेली. छाती मोजायची, फुगवून परत मोजायची, उंचीच्या पट्टीखाली टाचा न उचलता उभं राहायचं. माझ्या पुढचा एकजण वजन भरावं म्हणून डझनभर केळी खाऊन आला होता आणि धावताना त्याने ती सगळी परत केली. मग पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन मिठागराच्या बांधावरून पळायचं. बांध हातभर रुंद, दोन्हीकडे खारं पाणी आणि खाली काचेसारखे मिठाचे कण. जे घसरले त्यांच्या गुडघ्यांची सालटी निघाली आणि त्यात खारं पाणी गेलं. ती ओरड मला अजून ऐकू येते. मला मात्र तो बांध पाठ होता. आईने त्याच बांधांवरून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. मी पोतं घेऊन पळालो आणि पहिला आलो.

दुसरा आला तो नितीन. दिवेआगरचा, सुपारीच्या वाडीतला. अंगाने काटकुळा, पण हातपाय नुसते दोरखंड. सुपारीच्या झाडावर चढायचं, ते झाड अंगाच्या झोकाने हलवायचं आणि खाली न उतरता शेजारचं झाड पकडायचं, हे तो दहाव्या वर्षापासून करत होता. मनोऱ्यावर तो चढायचा तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे मान वर करून बघत राहायचो. मला त्याचा राग येई. सरळ सांगतो, पहिल्या दिवसापासून राग येई. कोर्स संपल्यावर पहिल्या नंबराच्या पोराची शिफारस नोकरीसाठी बंदरातल्या कंपनीकडे जाणार होती, आणि ती एकाचीच जाणार होती.

आम्हाला शिकवायला होते उस्ताद. खरं नाव कुणी घेत नसे. मुंबईत तीस वर्षं आगीत घालवलेला माणूस. डावा कान जळून चिकटलेला, त्यामुळे डावीकडून कुणी बोललं की ते संपूर्ण अंग वळवून बघायचे आणि वळता वळता हात उगारलेलाच असायचा. पहाटे शिट्टी वाजे. हजेरी, धावणं, मग होजच्या, म्हणजे पाण्याच्या जाड नळ्यांच्या, पितळी जोडण्या चिंचेने आणि राखेने घासायच्या. चिंचेचा तो आंबट वास, हाताच्या भेगांत जाणारी राख, आणि ऊन वर आलं की सोन्यासारखे झळकणारे पितळेचे गोळे. एखाद्या जोडणीत बोटाचा ठसा दिसला की उस्ताद ओल्या होजचा हातभर तुकडा घेऊन यायचे. ओली होज पाठीवर बसली की आवाज कपडे आपटल्यासारखा येतो. वळ उठत नाही, पण आतलं मांस दोन दिवस दुखतं. मारताना ते शिवी देत नसत. शांतपणे मोजत. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

वैशाखात खड्ड्याची आग सुरू झाली. भर दुपारी डिझेल ओतायचं, पेटता बोळा टाकायचा, आणि धप् करून ती जी उठायची! पहिल्या दिवशी माझ्या भुवया गेल्या. केस जळल्याचा वास आला, आणि तो आपल्याच तोंडाचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. दोघांनी मिळून ब्रांच धरायची. ब्रांच म्हणजे होजच्या टोकाचं तोंड, ज्यातून पाणी सुटतं. पाण्याचा जोर असा, की हात ढिला पडला तर ती सापासारखी उसळते. एकदा आमच्यातल्या एकाचा हात सुटला. ब्रांच उडाली आणि शेजारच्याच्या तोंडावर बसली. चार दात चिखलात पडले. ज्याचे दात पडले त्याला उस्तादांनी दवाखान्यात पाठवलं आणि ज्याचा हात सुटला त्याला होजचे तेवीस फटके मारले. मी मोजले.

नंतर ते आम्हाला म्हणाले, "आग चुकून लागते. माणूस चुकून भाजतो. पण हातात दिलेली गोष्ट माझ्याकडे चुकून सुटत नाही, ती सोडलेली असते. समजलं?"

आम्ही ओरडलो, "समजलं, उस्ताद!"

समजलं होतं. हाडांत गेलं होतं.

पावसाळ्यात सगळं ओलं. गणवेश वाळायचे नाहीत, बुटांत बुरशी, शेडच्या पत्र्यावर पावसाचा असा मारा की हुकूम ऐकू येऊ नयेत. त्या ओलीत आमची डोकी आणखी तापली. रोज कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर जाई. नाकातून रक्त येणं ही बातमीच राहिली नव्हती. तरी त्या दिवसांसारखी भूक मला पुन्हा लागली नाही. आठ आठ पाव आम्ही चहात बुडवून खायचो आणि नितीन घरून आणलेली ओली सुपारी फोडून सगळ्यांना द्यायचा. मलाही द्यायचा. मी घेत नसे, आणि मग दुसऱ्याच्या हातातला तुकडा हिसकावून घेई.

श्रावणात मी उस्तादांना आजी वारल्याचं खोटं सांगून दोन दिवस घरी पळालो. कारण गोकुळाष्टमी होती. आमच्या गावचं दहीहंडीचं पथक तालुक्यात नावाजलेलं, आणि मी चौदाव्या वर्षापासून खालच्या थराबाहेरच्या घेऱ्यात उभा राहायचो. घेऱ्याचं काम एकच. वरचा पोर निसटला की हात वर करून आत घुसायचं. मागे हटायचं नाही, आत जायचं. छातीवर, खांद्यावर, डोक्यावर, जिथे पडेल तिथे घ्यायचं, पण जमिनीला लागू द्यायचं नाही. हे कुणी शिकवत नाही. वरून काही सुटलेलं दिसलं की पाय आपोआप आत जातात. त्या वर्षी सहाव्या थरावरचा पोर तीनदा पडला आणि तिन्ही वेळा आम्ही त्याला वरच्यावर झेलला. माझ्या खांद्यावर त्याच्या टाचेची काळीनिळी खूण होती. ती घेऊन मी परत आलो.

त्यानंतर आठव्या दिवशी माझं आणि नितीनचं भांडण झालं. कशावरून पेटलं ते आता आठवत नाही. घासलेल्या जोडण्यांवरून असेल, बादलीवरून असेल. हौदाजवळ आम्ही एकमेकांच्या उरावर बसलो होतो. मी त्याचं डोकं हौदाच्या कठड्यावर आपटलं. त्याने माझ्या तोंडावर कोपर मारलं, ओठ फाटला. मग तो ते वाक्य बोलला.

"मिठागरं विकून खाल्लीत, आता आमच्या नोकऱ्या खायला आलात?"

माझा बाप त्या विकलेल्या जमिनीवर धावणाऱ्या बंदराच्या ट्रेलरखालीच मेला होता. नितीनला ते माहीत नव्हतं. पण मला तेव्हा कसलं भान! चौघांनी मला ओढून बाजूला केलं. रक्त थुंकत मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, "उद्या वरून उरी मारणार ना तू? चादर माज्या हातात हाय. ध्यानात ठेव."

नितीन हसला. त्याचे दात रक्ताने लाल झाले होते.

उडीची चादर मी आज पुन्हा शोधली. शेड मोडताना काढलेल्या भंगारात ती नव्हती. कुणीतरी ताडपत्री म्हणून नेली असेल. जाड कॅनव्हासचं गोल वर्तुळ, कडेने दोराच्या मुठी, मध्यभागी तांबडा ठिपका. बाराजणांनी धरायची. एक पाय पुढे, अंगाचा सगळा भार मागे, हात छातीपर्यंत, आणि ओढायचं. सगळ्यांनी बाहेर ओढलं तरच ती ताठ राहते. आणि नजर वर, उडी मारणाऱ्यावर, पापणी न लवता. जो उडी मारणार त्याने मात्र खाली बघायचं नाही. हात छातीवर, पाय पुढे, नजर समोर, आणि पडायचं ते बुडावर. उस्ताद रोज हे म्हणून घ्यायचे, शाळेत पाढे म्हणतात तसे.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला होता. भराव नसलेल्या खाडीवर ऊन पडलं होतं आणि बगळे चिखलात उभे होते. सहाजणांच्या उड्या झाल्या. प्रत्येक उडीला कॅनव्हासचा ढप्प आवाज, मग वरचा पोर हसत बाहेर यायचा. सातवा नितीन. भोकाच्या कडेवर तो उभा राहिला. उघडा, कमरेला पट्टा, कपाळावर माझ्या कालच्या आपटण्याची गाठ.

"चादर!" उस्ताद ओरडले.

"तयार!" आम्ही बाराजण ओरडलो.

"नजर वर! जंप!"

तो सुटला. मी पाहिलं, तो सुटला आहे, वरून माणूस सुटला आहे. आणि माझे पाय आत गेले. एक पाऊल, कदाचित दीड. हात मुठींतून निघाले आणि वर गेले.

माझ्या बाजूची चादर लोळागोळा झाली. नितीन मधल्या ठिपक्यावर नाही, माझ्याच बाजूला आला. त्याचं अर्धं अंग कॅनव्हासवर पडलं आणि उजवा पाय बाहेर, सरळ काँक्रीटवर. ओलं लाकूड मोडतं तसा आवाज आला. त्यानंतर तो ओरडला नाही, ही सगळ्यात भयंकर गोष्ट होती. मांडीतून हाड बाहेर आलं होतं, आणि तो त्याच्याकडे बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

सगळ्यांची नजर वर होती. नियमच होता तो. अकराजणांनी नितीनला पाहिलं, मला कुणीच पाहिलं नाही. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की एक जागा रिकामी आहे आणि माझे हात मोकळे आहेत. आणि काल मी काय बोललो होतो ते सगळ्यांना पाठ होतं.

उस्तादांनी मला होजने मारलं. या वेळी मोजलं नाही. मी गुडघ्यांवर पडलो, मग पोटावर, तरी ते मारत होते. मी ओरडत होतो, "उस्ताद, मी आत गेलो! झेलायला गेलो! हंडीत जातात तसा!" ते ऐकून एकाने माझ्या तोंडावर लाथ घातली. संध्याकाळी शेडमागे बाकीच्या पोरांनी ओल्या टॉवेलांत साबणाच्या वड्या बांधून मला मारलं. खाडीला भरती होती. बांधावर पाणी आपटत होतं आणि मला वाटत होतं की आता हे थांबणार नाही.

आई दुसऱ्या दिवशी आली. माझं सुजलेलं तोंड तिने दोन्ही हातांत धरलं. तिच्या तळव्यांना मिठाने पडलेल्या भेगा गालाला टोचत होत्या. तिने हळूच विचारलं, "तू सोरलास का रं त्याला?"

"न्हाय, आये. झेलायला गेलो."

तिने माझ्या तोंडावरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, "बरं." त्या "बरं"ने मला जेवढं लागलं तेवढं होजने लागलं नव्हतं.

मला काढून टाकलं नाही. का, ते कधी कळलं नाही. नितीन मोडका पाय घेऊन गावी गेला, आणि पहिला नंबर आपोआप माझा झाला. कंपनीच्या आगीच्या बंबांवर मी चिकटलो. पगार लागला, लग्न झालं, मुलगी झाली. लोक म्हणत, नशीब काढलंस.

पण एक गोष्ट मात्र माझी मलाच कळेनाशी झाली. पहिली दोनतीन वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की मी झेलायला आत गेलो. मग हळूहळू शंका यायला लागली. माणूस स्वतःला वाचवायला काय काय गोष्टी रचतो, हे मी आगींच्या चौकशीत कमी पाहिलं नव्हतं. मीही रचली असेन. आठ दिवसांपूर्वीची हंडी हाताशी होती, ती उचलली आणि पुढे केली. आत गेलो हे खरं, की आधी मुठी सोडल्या आणि मग लाजेने पाऊल पुढे टाकलं? आधी काय झालं? अंघोळ करताना, गाडी पुसताना मी ते एक पाऊल पुन्हा पुन्हा टाकून बघायचो. बायको विचारायची, हात वर करून काय करताय? मी तिच्यावर खेकसायचो.

एकदा हमरस्त्यावर टँकर उलटून पेटला. डांबर वितळून बुटांना चिकटत होतं, ड्रायव्हर काचेमागे हलत होता आणि मग हलायचा थांबला. मी ब्रांच धरून उभा होतो. आग विझल्यावर पाणी बंद झालं, तरी माझी बोटं उघडेनात. दोघांनी एक एक बोट उचकटून काढलं. साहेबांनी शाबासकी दिली. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं.

नितीनला मी एकदाच पाहिलं, त्या मोठ्या चक्रीवादळानंतर. झाडं तोडून रस्ते मोकळे करायला आमची गाडी दिवेआगरला पाठवली होती. वाड्यांच्या वाड्या जमिनीवर निजल्या होत्या. माड मुळासकट उपटलेले, सुपाऱ्या मधोमध तुटलेल्या, त्यांचे पांढरे गाभे उघडे. हवेला चिरलेल्या ओल्या लाकडाचा आणि कुजक्या पानांचा वास होता. यंत्रकरवतीच्या आवाजाने कान बधिर झाले होते. एका वाडीत पडक्या खोडावर एक माणूस बसला होता, उजवा पाय लांब सोडून, काठी शेजारी. मी त्याला ओळखलं. करवत बंद केली असती तर हाक ऐकू गेली असती. मी ती बंद केली नाही. भ्यालो. आगीत बिनधास्त घुसणारा मी, त्या बसलेल्या माणसाला भ्यालो.

आज मनोरा पाडणार असं आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, म्हणून आम्ही जमलो. चौथा मजला कोसळत असताना एक रिक्षा येऊन थांबली आणि नितीन उतरला. दिवेआगरहून पहाटेची एसटी धरून आला होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, मिठ्या मारल्या. मी जागचा हललो नाही. बाकीचे चहाच्या टपरीकडे गेले तेव्हा तोच काठी टेकत माझ्याकडे आला.

आम्ही दोघं मनोऱ्याकडे बघत राहिलो. यंत्राची सोंड दुसऱ्या मजल्याच्या भोकात घुसली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. अकराजणांची नजर वर होती. पण तेरावा माणूस हवेत होता.

"नितीन," मी म्हणालो, "मी सोडली का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय," तो म्हणाला. "हात वर करून आत आलास. येडा. हंडी असल्यासारखा."

"तू पाहिलंस?"

"वरून सगळं दिसतं."

वीस वर्षं. मी त्याची गचांडी धरली. काठी पडली. त्याला कंटेनरच्या पत्र्यावर आपटलं, पत्रा वाजला. टपरीवरून कुणीतरी ओरडलं. मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास, मला जनावरासारखं मारलं तरी गप्प बसलास, माझ्या आईने मला विचारलं, माझी आई ती शंका घेऊन मेली. असं काहीतरी. माझा आवाज फाटला होता.

त्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. श्वास लागला होता त्याला, तरी तो सावकाश बोलला.

"बोललो असतो, तर मी खाली पाहिलं हे उस्तादना कळलं असतं. नजर समोर ठेवायची होती ना? मी खाली पाहिलं. सुपारीवर आम्ही म्हणतो, जिकडं नजर तिकडं अंग. मी तुझ्याकडं पाहिलं आणि तुझ्याकडंच आलो. मधल्या ठिपक्यावर पडलो असतो, तर तुझी एक बाजू ढिली पडून काय व्हायचं होतं? खरचटलं असतं. आता मी खाली का पाहिलं ते विचार."

मला विचारावं लागलं नाही. माझ्या हातातली त्याची गचांडी सुटली.

"बाकीच्यांकडं पाहिलंच नाय मी," तो म्हणाला. "तू धरलीयस की नाय, तेवढंच बघत होतो. आदल्या रात्री झोप नव्हती मला. वीस वर्षांचा पोर होतो रे मी. म्हाताऱ्यागत सकाळपर्यंत रामनाम घेत पडलो होतो."

टपरीवरची माणसं धावत आली, त्यांना वाटलं आम्ही पुन्हा लागलो. मी त्यांना हाताने थांबवलं. वीस वर्षं मी माझ्या हातांची झडती घेतली होती. मला तोंडाची आठवणही झाली नव्हती. रागात बोललेलं ते एक वाक्य, थुंकीसारखं टाकून दिलेलं, ते त्याच्याबरोबर मनोऱ्यावर चढलं होतं आणि भोकाच्या कडेवर त्याच्या शेजारी उभं राहिलं होतं. आणि मी मात्र त्याची कधी माफीही मागितली नव्हती, कारण माफी मागितली तर मी चादर सोडली असं झालं असतं.

मी वाकून त्याची काठी उचलली, पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"चुकलो मी, नितीन."

"व्हय," तो म्हणाला. "चुकलासच."

मग तो त्या पायावर भार न देता वळला आणि माझ्यासाठी न थांबता चहाच्या टपरीकडे चालू लागला.